तिच्याआधी आलेली

घरात तिला ठसकी म्हणत. नाव बाबांनी पाडलेलं. चार वर्षांची असताना तिनं घरी आलेल्या पाहुण्यांना तोंडावर विचारलं होतं, "तुम्ही कधी जाणार?" आणि बाबांना चहाचा असा ठसका लागला की पाठीत बुक्के मारावे लागले. पाहुणे गेले, नाव राहिलं. आता ती शेहेचाळीस वर्षांची होती, कानांवरचे केस पांढरे झाले होते, पण जिभेला हाड काही फुटलं नव्हतं.

दात कोरून पोट भरत नाही म्हणतात. ठसकी मात्र चोवीस वर्षं लोकांचे दात कोरूनच पोट भरत होती. एका डेंटल लॅबच्या मागच्या खोलीत, खिडकीजवळच्या टेबलाशी बसून ती कवळ्या बनवायची. प्लॅस्टरचे साचे, मेणाच्या वड्या, गुलाबी हिरड्या, आणि समोर डब्यात रंगाप्रमाणे लावलेले दात. नखांच्या कडांत प्लॅस्टर कायमचं बसलेलं, कितीही घासा. काम असं चोख की चार डॉक्टर तिचं नाव घेऊन साचे पाठवत. माणसांशी मात्र तिचं एवढं चोख जमत नसे.

थोरल्या भावाशी तर तीन वर्षं बोलणंच बंद होतं. दादा लिफ्ट दुरुस्त करायचा. शांत, जाडजूड, मोजकं बोलणारा माणूस. बाबांचं शेवटचं दुखणं त्याच्या गावात झालं. फोन आल्यावर ठसकी निघाली, पण तिच्या गावाहून तिथे पोचायला सहा तास लागत. ती पोचली तेव्हा श्वासाचं मशीन काढलेलं होतं, कागदावर दादाची सही होती, आणि बाबांवर चादर होती. दवाखान्याच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये, नर्सांच्या आणि नातेवाइकांच्या देखत ती दादाला म्हणाली, "तू मारलंस बाबांना." दादानं उत्तर दिलं नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. तिनंही त्याचा नंबर फोनमधून पुसून टाकला. पाठ होता, म्हणून मनातून पुसता आला नाही, एवढंच.

आईला पंचाहत्तरावं लागलं. ती ठसकीच्या धाकट्या बहिणीकडे राहायची. तिनं एके दिवशी धाकटीला समोर बसवून आणि बाकी दोघांना फोन लावून एकच गोष्ट ऐकवली. "मला काही आणू नका. दोन दिवस तुम्ही तिघं एका छपराखाली दिसा. एकत्र येत नसाल तर वेगवेगळे या, पण या."

आईचं हे असं. वर्षानुवर्षं काही मागायची नाही, आणि मागायची तेव्हा पळवाट ठेवायची नाही.

मग धाकटीनं डोंगरातल्या एका तळ्याकाठी रिसॉर्ट शोधलं. मोसम संपलेला, खोल्या रिकाम्या. आई आणि ती एका खोलीत, दादा एका, ठसकी एका. दादाच्या आणि ठसकीच्या खोल्यांमध्ये तिनं मुद्दाम तीन खोल्यांचं अंतर ठेवलं. लेकीची परीक्षा असल्यामुळे वहिनी येणार नव्हती. दादा गाडीनं येणार, आई आणि धाकटी धाकटीच्या गाडीनं, आणि ठसकी बसनं. सगळ्यांनी बारा-एकपर्यंत पोचायचं ठरलं.

शनिवारी पहाटे ठसकीनं राखाडी स्वेटर चढवला आणि बॅग दाराशी आणून ठेवली. शेवटचा घोट घेताना कपातला चहा स्वेटरवर सांडला. ती चरफडली, स्वेटर काढून खुर्चीवर भिरकावला, कपाटातून तपकिरी काढून घातला. एवढ्यात सहाची बस चुकली. सातची मिळाली, तर ती डोंगरातल्या वळणावर आडव्या पडलेल्या झाडामागे साडेतीन तास अडकली.

त्या साडेतीन तासांत तिनं फोन हातात धरून ठेवला होता. एकानंही विचारलं नाही, कुठवर आलीस म्हणून. आईनं नाही, धाकटीनंसुद्धा नाही. आपण होऊन फोन करेल ती ठसकी कसली! 'बरं आहे,' ती मनात म्हणाली. 'माझ्यावाचून काही अडत नाही, हे एकदा कळलं ते बरं झालं.' असं म्हणत म्हणत तिनं फोन पुन्हा एकदा उघडून पाहिला, आणि खिडकीबाहेर धुकं चढत गेलं.

रिसॉर्टच्या पायऱ्या ती चढली तेव्हा घड्याळात सव्वाचार झाले होते. एका उतारावर बैठ्या खोल्यांची रांग, खाली तळं, आणि तळ्यावर धुक्याची साय. रिसेप्शनला एक तरुण बाई टेबलावरच्या फुलांना पाणी घालत होती. तिनं मान वर करून हसून विचारलं, "फिरून आलात? एवढी बॅग घेऊन?"

"फिरून कुठली? आत्ता येतेय. बस अडकली होती. खोली माझ्या बहिणीच्या नावावर आहे."

बाईचं हसू जरा डळमळलं. "मॅडम, तुमची नऊ नंबर. दुपारीच दिली ना तुम्हाला. दाराचं कार्ड आत राहिलं का?"

"कुणाला दिली?"

"तुम्हाला."

ठसकीचा पारा चढायला एवढं पुरेसं होतं. "अहो बाई, मी आत्ता, या मिनिटाला, तुमच्या दारात आले आहे. दुसऱ्या कुणाला माझी खोली देऊन बसला असाल तर सरळ सांगा, गोल गोल फिरवू नका."

बाईनं फाइल उघडली आणि एक फॉर्म फिरवून तिच्यासमोर ठेवला. आगमनाची वेळ, बारा वाजून दहा मिनिटं. नाव तिचं. पत्ता तिचा. खाली ओळखपत्राची प्रत जोडलेली, नंबर तिचा, फोटो तिचा. ठसकीनं पर्समध्ये हात घातला. तिचं ओळखपत्र तिथेच, नेहमीच्या कप्प्यात होतं. सहीसुद्धा तिचीच होती. फक्त ठसकी सही करते ती कुणी मागे लागल्यासारखी, ओढून. आणि ही सही निवांत बसून केलेली होती, एकेक अक्षर पुरतं. 'अडचणीच्या वेळी कुणाला कळवावे' या रकान्यात दादाचा नंबर होता.

"ही बाई कशी होती?"

"मॅडम, तुम्ही माझी गंमत करताय का?" बाई अवघडून म्हणाली. "तुम्हीच होतात. राखाडी स्वेटर होता. तुमची आई आली तेव्हा तुम्ही इथेच, या सोफ्यावर बसला होतात. उठून त्यांना हात दिलात. तुमच्या बहिणीनं तुम्हाला मिठी मारली, मी पाहिलं ना."

राखाडी स्वेटर ऐकल्यावर ठसकीचे शब्द संपले. आयुष्यात हे फार वेळा झालं नव्हतं. तिनं मुकाट्यानं दुसरं कार्ड घेतलं आणि खोल्यांच्या रांगेकडे वळली.

व्हरांड्यात धाकटी भेटली. ती एका बेकरीत केक सजवायची, स्वभावही तसाच, मऊ आणि गोड. ठसकीला बघताच ती धावत आली आणि गळ्यात पडली. "स्वेटर बदललास होय? ताई, मला अजून खरंच वाटत नाहीये गं. तू आणि दादा! आई तर बोललीच नाही बराच वेळ, नुसती बघत बसली."

"काय झालं?" ठसकीनं विचारलं, आणि धाकटीला वाटलं, ती विषय टाळतेय.

"बरं बाई, नाही काढत. पण दादा किती रडला! मी त्याला बाबा गेले तेव्हाही तसं रडताना पाहिलं नव्हतं."

एवढ्यात रांगेच्या टोकाकडून दादाच आला. तीन वर्षांत पोट सुटलं होतं, केस मागे हटले होते. ठसकीला बघून त्यानं मान खाली घातली नाही, तोंड फिरवलं नाही. जवळ येऊन तो थांबला आणि खाकरून म्हणाला, "बरं वाटतंय ना आता? मला... मला मघाशी काही बोलता आलं नाही. तू म्हणालीस ना, 'मी तिथे असते तर मीही सही केली असती,' ते वाक्य ऐकायला मी तीन वर्षं थांबलो होतो गं."

ठसकी एक पाऊल मागे सरली. कारण ते वाक्य तिचंच होतं. रात्री झोप न येता छताकडे बघत पडल्यावर ती ते स्वतःला सांगायची. पण आजवर एकाही माणसाला तिनं ते बोलून दाखवलं नव्हतं. भिंतीलासुद्धा नाही.

'ती मी नव्हते' हे शब्द तिच्या ओठांपर्यंत आले. पण दादाचा चेहरा इतका सैल, इतका सुटलेला दिसत होता की तिनं ते गिळले. "जरा बॅग ठेवून येते," एवढंच म्हणाली. चालताना तिला वाटत होतं, आपण कुणाच्या तरी ताटावर बसून जेवतोय.

नऊ नंबरच्या दाराला कार्ड लावलं. हिरवा दिवा लागला, दार चार बोटं उघडलं आणि आतल्या साखळीला अडून थांबलं. फटीतून एक बाक दिसला. बाकावर तिच्यासारखीच बॅग, तोच तुटका बंद, त्याला मारलेली तीच गाठ. न्हाणीघरात नळ चालू होता, आणि कुणीतरी हलक्या आवाजात गुणगुणत होतं. बाबा दाढी करताना गुणगुणायचे ती बिनशब्दांची चाल. ठसकीलाही ती सवय होती, काम करताना.

"कोण आहे आत?" तिनं विचारलं. आवाज हवा तेवढा चढला नाही.

नळ बंद झाला. पावलं आली, ओल्या तळव्यांची. फटीच्या पलीकडे कुणीतरी उभं राहिलं, दिसणार नाही असं, दाराच्या आड. दाराच्या कडेवर चार बोटं आली. बोटं तिची होती. करंगळीवरचा भाजल्याचा डागही होता. पण नखं स्वच्छ होती. त्यांच्या कडांत प्लॅस्टरचा कणही नव्हता.

"आलीस का?" आतून आवाज आला. आपलाच आवाज बाहेरून कसा ऐकू येतो ते ठसकीला तेव्हा कळलं. तो तिला वाटायचा त्यापेक्षा पातळ होता, आणि फार मायाळू होता. "आता राहू दे. सगळं नीट झालंय. तू आत आलीस की पुन्हा बिघडेल. पाचची बस आहे, तिनं परत जा."

बोटं मागे सरली. दार हळूच, अगदी कुणाची झोप मोडू नये तसं, लागलं.

ठसकी पळाली. बॅग तिथेच राहिली. आईच्या खोलीचं दार नुसतं लोटलेलं होतं. आई खिडकीशी खुर्चीत बसली होती, मांडीवर हात, समोर तळं. ठसकी आत शिरली, दार लावून घेतलं आणि धापा टाकत उभी राहिली. काय सांगावं, कुठून सांगावं, काही सुचेना. तिचा हात आपोआप पलंगाजवळच्या टेबलावर गेला आणि तिनं आईच्या औषधांचा डबा उघडला.

"दुपारची गोळी तशीच आहे," ती ओरडली. "आई, तुला कितीदा सांगायचं? धाकटीचं लक्ष कुठे असतं?"

आई तिच्याकडे वळली आणि हसली. "हं. ही माझी."

ठसकीनं डबा खाली ठेवला. "म्हणजे तुला... तुला माहीत आहे?"

"बस इथे. पाणी पी आधी." आईनं तिला पलंगाच्या कडेवर बसवलं. "मी गाडीतून उतरले, तेव्हा ती रिसेप्शनच्या सोफ्यावर बसली होती. उठून मला हात दिला. पहिल्यांदा मलाही काही वाटलं नाही. मग इथे आली, माझ्यासमोर तासभर बसली, आणि एकदाही औषधाचा डबा उघडला नाही. मी मुद्दाम म्हटलं, आज गोळी घ्यायची विसरले. तर म्हणाली, असू द्या, विश्रांती घ्या." आई थांबली. "असू द्या म्हणाली मला. तू जन्मात कधी मला अहो-जाहो केलंयस का?"

"आणि तू तिला बसू दिलंस?"

"मग काय करणार होते? तुझ्या अंगात असतं तसं माझ्या अंगात नसतं, आरडाओरडा करून घालवायचं. आणि घाबरले होते मी. हे बघ, अजून पाय गार आहेत. तेवढ्यात दादा आला. ती त्याच्याशी बोलायला लागली, आणि तो रडायला लागला. मला वाटलं, कुणीही असो, तीन वर्षांचा गोळा उतरतोय पोराच्या छातीवरून, तर उतरू दे."

बाहेर धुकं खिडकीच्या काचेला येऊन टेकलं होतं. तळं दिसेनासं झालं होतं.

"जाताना तिनं मला काय सांगितलं माहीत आहे?" आई हळू आवाजात म्हणाली. "म्हणाली, दुसरी कुणी आली, मीच खरी म्हणाली, तर तिला ओळख दाखवू नका. मी कधी भांडणार नाही. कधी उशीर करणार नाही. मी म्हटलं, बाई, ती भांडते, उशीर करते, पण ती माझी आहे. तू गोड आहेस, पण तू कुणाची आहेस? तर डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मला वाईट वाटलं गं. उठली आणि गेली आपल्या खोलीत."

ठसकीनं आईचा हात घट्ट धरला. मग आईच म्हणाली, "दादाला ती जे बोलली, ते खोटं होतं का?"

"नाही."

"मग ते तू बोल. उसन्या तोंडावर किती दिवस काढशील?"

"मला तिच्यासारखं गोड नाही बोलता येणार."

"मग कडू बोल. पण तुझ्या तोंडानं."

दादा व्हरांड्याच्या टोकाला बाकावर एकटाच बसला होता. ठसकी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. बसली असती तर धीर सुटला असता.

"दादा, मघाशी तुझ्याशी बोलली ती मी नव्हते."

"म्हणजे?"

तिनं पर्समधून बसचं तिकीट काढून त्याच्या हातात दिलं. त्यानं चष्मा कपाळावरून खाली ओढला, वेळ वाचली, उलटून पाहिलं, पुन्हा वाचली. मग तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला.

"तिनं माझा हात धरला होता," तो म्हणाला. "गार लागला. मला वाटलं, तळ्यावरचं वारं आहे. आणि मला वाटलंच होतं, तू एवढी शांतपणे... पण मला विचारायचंच नव्हतं, ठसके. मी विचारलं असतं तर ती बोलायची थांबली असती."

"ऐक. ती म्हणाली असेल, तू बाबांना मारलं नाहीस. बरोबर आहे. तू मारलं नाहीस. मी तसं म्हणायला नको होतं, चार लोकांत तर नाहीच. मी असते तर मीही सही केली असती. पण मला राग आहे. ती म्हणाली असेल राग नाही म्हणून, मला आहे. सहा तास थांबला असतास तर मला त्यांचा ऊबदार हात मिळाला असता. मी लोकांचे दात घडवते, दादा, दिवसभर थंड प्लॅस्टर हातात असतं माझ्या. बाबांचा हात तसा लागला मला. तेवढा राग आहे आणि तो जाईल असं वाटत नाही. झालं. एवढंच बोलायचं होतं."

दादानं चष्मा काढला. बराच वेळ तो काचा पुसत होता. त्या पुसायची काही गरज नव्हती.

"तुला काही सांगायचंय," तो शेवटी म्हणाला. "मशीन रात्री नऊला लावलं. लावायच्या आधी बाबांनी विचारलं, ठसकीला कळवलंस का? मी म्हटलं, हो, निघाली आहे. आणि तुला मी फोन केला तो पहाटे पाचला."

ठसकी बाकाच्या टोकावर बसली.

"मला वाटलं, तू येशील आणि सगळ्यांना फैलावर घेशील. डॉक्टरांना, नर्सांना, मला. मला वाटलं, एक रात्र शांततेत जाऊ दे. सकाळी बरे वाटले की सांगू. सकाळी डॉक्टर म्हणाले, आता थांबण्यात अर्थ नाही, उगाच हाल होताहेत." त्यानं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "उशीर तू नाही केलास, ठसके. मी केला."

"हे तिला सांगितलंस?"

"नाही. ती माफी मागत होती. उशीर माझाच झाला, माझीच चूक, म्हणत होती. मी गप्प राहिलो. आयतं मिळत होतं, घेतलं."

ठसकी कठड्यापाशी गेली. तिच्या तोंडातून त्या क्षणी काय काय बाहेर पडायला हवं होतं! तीन वर्षांचा सगळा साठा होता, वर हा ताजा माल. पण ती धुक्याकडे तोंड करून उभी राहिली आणि तिचे खांदे हलायला लागले. दादा उठून शेजारी आला. त्यानं तिला हात लावला नाही, फक्त शेजारी उभा राहिला, लिफ्टच्या दारात माणसं उभी राहतात तसा, समोर बघत.

"मी आज ओरडणार नाही," ती नाक पुसत म्हणाली. "उद्या ओरडेन. मनसोक्त ओरडेन."

"ओरड," दादा म्हणाला. "मी आहे सोमवारपर्यंत."

धाकटीला दोघांनी मिळून सांगितलं. तिचा आधी विश्वास बसेना, आणि बसला तेव्हा तिनं ताईचा हात चाचपून पाहिला, ऊबदार आहे ना म्हणून. मग तिघं मिळून नऊ नंबरकडे गेली, रिसेप्शनची बाई सोबत. ठसकीची बॅग दाराबाहेर होती तशीच होती. या वेळी साखळी लागलेली नव्हती. आत बाकावर काही नव्हतं. पलंगावर घडी मोडलेली नव्हती. न्हाणीघरातला टॉवेल मात्र चिंब ओला होता, आणि खोलीभर शेवाळलेल्या पाण्याचा वास भरला होता.

"पण तुम्ही पाच मिनिटांपूर्वी कार्ड टेबलावर ठेवून गेलात," बाई म्हणाली. "मी विचारलं, एवढ्यात निघालात? तुम्ही म्हणालात, जागा दुसऱ्या कुणाची आहे." बोलता बोलता तिनं ठसकीच्या तपकिरी स्वेटरकडे पाहिलं, मग दादाकडे, मग धाकटीकडे. तिच्या तोंडचं पाणी पळालं. थोड्या वेळानं तिनं दुपारचा फॉर्म फाइलमधून काढला, बारीक बारीक तुकडे केले आणि कोरा फॉर्म पुढे केला. ठसकीनं तो उभ्या उभ्याच भरला. वेळ खरी लिहिली.

नऊ नंबरमध्ये ती राहिली नाही. दोन्ही रात्री आईच्या पलंगाशेजारी गादी टाकून झोपली. रविवारी ठरल्याप्रमाणे तळ्याकाठच्या पायवाटेवर ती दादावर ओरडली. इतकी की पाण्यातली बदकं उडाली. दादानं ऐकून घेतलं, दोनदा उलट उत्तरही दिलं, आणि जेवायला दोघं एकाच टेबलावर आले. आईनं फक्त दोघांच्या मधली खुर्ची काढायला लावली.

सोमवारी सकाळी निघताना दादानं त्याची गाडी पुढे घातली. ठसकी, आई आणि धाकटी मागच्या गाडीत. धुकं अजून उतरलेलं नव्हतं. उताराच्या पायथ्याशी बसथांबा आहे, तिथे दादाची गाडी थांबलेली दिसली. तो उतरून रस्त्याच्या कडेला उभा होता, पुढे जाववत नाही असा.

थांब्याच्या बाकावर एक बाई बसली होती. त्यांच्याकडे पाठ, तळ्याकडे तोंड. राखाडी स्वेटर.

"चालव पुढे," धाकटी स्वतःलाच म्हणाली, पण तिचा पाय काही हलेना.

ठसकी उतरली. "ताई, नको ना," धाकटी म्हणाली. आईनं तिला अडवलं नाही.

बारा पावलं असतील. बाई वळली नाही. ठसकी तिच्या मागे उभी राहिली. स्वतःची मान मागून कशी दिसते हे माणसाला आयुष्यभर कळत नाही, ठसकीला कळलं. बारीक होती, जराशी पुढे वाकलेली, वर्षानुवर्षं टेबलावर ओणवं होऊन काम केलेल्या बाईची. केस कसेतरी वर बांधलेले. स्वेटरच्या टोकांतून थेंब थेंब पाणी बाकाखाली पडत होतं.

तिच्या मनात राग होता, भीती होती. तोंडातून आलं ते वेगळंच.

"तू दादाला रडवलंस, ते बरं केलंस," ती म्हणाली. "मला जमलं नसतं. पण पुन्हा येऊ नकोस. मी पोचते. उशिरा का होईना, पोचते मी."

ती मान किंचित हलली. होकार होता, की थंडीनं शहारली, ते ठसकीला सांगता आलं नाही. ती उलट पावली मागे आली, पाठ न वळवता, आणि गाडीचं दार हाताला लागल्यावरच आत बसली.

"काय म्हणाली?" धाकटीनं कुजबुजत विचारलं.

"काही नाही."

"पण बस तर आज नाहीये. रिसेप्शनची बाई म्हणत होती, सोमवारी इकडे बस येतच नाही."

पुढे दादानं गाडी चालू केली. वळणावरून मागे पाहिलं तर थांबाच दिसत नव्हता, सगळं पांढरं. आईनं काच वर घेतली, मांडीवरची पिशवी नीट धरली आणि म्हणाली, "त्याला फोन लाव गं. म्हणावं, पुढच्या वळणावर थांब, आणि इतका जोरात पळू नकोस."

ठसकीनं फोन घेतला. नंबर लावताना तिला फोनमध्ये शोधावा लागला नाही. पलीकडून दादाचा आवाज आला, तेव्हा ती म्हणाली, "अरे, आम्ही मागे आहोत, दिसत नाही का तुला? आरसा कशाला असतो गाडीला?"